रामाजीची कलती खुर्ची

रामाजीनं जन्मात कोणाले 'नाई' म्हटलं नाई, असं आमच्या सावरखेडीत सांगतात. हे खोटं हाय. रामाजी उटनूरच्या एका हाफिसात अटेंडर होता तवा दिवसभर तेच म्हणे. साहेब हायेत काय? नाई. फाईल निंगाली काय? नाई. आज भेट होईन काय? नाई. पण ते 'नाई' साहेबाचं राहे. रामाजी दाराबाहेर स्टुलावर बसून ते नुसतं पोचवे, पोस्टमन टपाल पोचवते तसं. सोताचं 'नाई' त्याच्यापाशी नव्हतं.

हे गावाले चांगलं माहीत होतं. शिडी पायजे, रामाजीकडे जा. भात शिजवाले मोठा गंज पायजे, रामाजीकडे जा. वखर, सतरंजी, पंप, पोराची फटफटी, काईबी. एकडाव गुडीहतनूरच्या बसमध्ये शेजारच्या बुढ्याले तिकीट वाचाले त्यानं आपला चष्मा देला. बुढा तिकीट वाचून, चष्मा लावून, आपल्या गावाले उतरून गेला. रामाजी पाह्यत राह्यला. पाह्यलं असं म्हणाचं; चष्मा नव्हता त दिसलं किती असंन कोणास ठाऊक.

त्याची बायको सखूबाई कापूस वेचून वेचून चिवट झालेली. ती म्हणे, "मले कोणी मागाले आलं नाई हे माहं नशीब. नाई त देऊन मोकळे झाले असते."

"कोणी आलंच नाई ना," रामाजी म्हणे. हे तो भांडाले म्हणत नव्हता. खरं तेच सांगे.

रामाजीचा बाप सालदार होता. दुसऱ्याच्या खळ्यावर उकिडवा बसून त्याची हयात गेली. रामाजी सातवी शिकला अन् स्टुलावर बसला. पोरगा हर्षदीप बी.एड. करून आदिलाबादले सायन्सचा सार, म्हणजे मास्तर, झाला अन् शाळेच्या खुर्चीवर बसला. सून वृषाली तथीच एका हाफिसात क्लार्क, तिची खुर्ची त गोल फिरणारी. दोघं रोज फटफटीवर जात अन् येत. गावात स्लॅबचं घर झालं, घराले हॉल झाला, हॉलमध्ये समोर बाबासाहेबाचा अन् बुद्धाचा फोटो लागला, टीव्ही लागला, दिवाण आला. अन् मंग रामाजी रिटायर होऊन घरी आला अन् हॉलमध्ये खाली बसला. डॉक्टर म्हणाला, गुडघे गेले, आता खाली बसाचं नाई. म्हणून खुर्ची आली.

खुर्ची वृषालीनं फोनमध्ये पसंद केली. हैदराबादहून खोक्यात आली, आदिलाबादच्या ट्रान्सपोर्टमधून कापसाच्या गाडीत गावात आली. हर्षदीपनं एका वाकड्या चावीनं तिचे पाय फिरवून फिरवून बसवले. उभी केली तवा सगळे जवळ येऊन पाहू लागले. पाय चारी बाजूले तिरपे, खाली निमुळते, जशी म्हैस व्याले झाली अन् पाय फाकवून उभी हाय. बैठक खोल अन् खाली. पाठ मागं कललेली. दोन्ही बाजूले रुंद सपाट हात, पुढून गोल घासलेले. वरतून मोहरीच्या रंगाची गादी.

"मिड-सेंच्युरी म्हणतात हिले, आई," वृषाली म्हणाली. "साठ-सत्तर वर्षांमागचा नमुना हाय."

"मंग जुनी काऊन घेतली?"

"जुनी नाई. खुर्ची नवीच हाय. नमुना जुना."

सखूबाईनं इचार केला. "म्हणजे नवं लाकूड घेतलं अन् जुन्यावाणी केलं."

"हो."

"बरं."

लाकूड सागाचं होतं. साग आमच्याच रानातला असंन, उभा होता तवा आमच्यापैकी कोणी त्याले हात लावला असता त जंगलवाल्यानं हात धरला असता. तोच साग हैदराबादेत जाऊन, पाय तिरपे करून, खोक्यात बसून परत आला. 

रामाजी पहिल्यांदा बसला तो टोकावर. स्टुलाची सवय. घंटी वाजली की उठाचं, म्हणून त्याची कंबर कायम अर्धी उठलेलीच राहे.

"बाबा, मागं टेका ना," वृषाली म्हणाली.

"मागं पडंन मी."

"नाई पडत. ते तसंच बसाचं राह्यते."

रामाजी हळूहळू मागं गेला. खुर्चीनं त्याले धरलं. त्याची नजर आपोआप वर गेली. तो लई वेळ वर पाह्यत राह्यला अन् म्हणाला, "फॅनले जाळं लागलं हाय."

"इतके दिवस नाई दिसलं ते?" सखूबाई म्हणाली अन् झाडू आणाले गेली.

तवापासून रामाजीची संध्याकाळ बदलली. लोक खुर्ची पाह्याले येत. प्रत्येक जण एकडाव बसून पाहे, मागं टेके, "बाप्पा!" म्हणे अन् उठाले दुसऱ्याचा हात मागे, कारण बैठक इतकी खाली की एकट्याले उठणं कठीण. मंग चहा होये. चहा आला की लोक आपसूक बाजूले होत अन् खुर्चीत रामाजी बसे. लोक दिवाणावर, उंबऱ्यावर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कापसाचं निंगे, पावसाचं निंगे, भैंशा गावच्या जिनिंगचं निंगे. हाफिसातबी रामाजीच्या समोर रोज माणसं राहत, पण ते साहेबाची वाट पाहत. ह्या लोकांले कोणाची वाट पाह्याची नव्हती. म्हाताऱ्याले आता दुसरं काई नोको होतं. त्या खुर्चीत मागं टेकून चहा प्यावा अन् समोर गावचे लोक असावेत, बस.

आता खुर्ची रामाजीच्या घरी आली म्हटल्यावर ती मागाले कोणी येईन हे सांगाले जोतिषी नोको. पहिले हळदीले गेली. नवरीनं हळदीच्या हातानं खुर्चीचा हात धरला, तो डाग अजून हाय. मंग चवदा एप्रिलले गेली. भैंशाहून पाहुणा आला होता, अंगानं भरलेला. तो तिच्यात बसला अन् भाषणाची पाळी आली तवा त्याले उठताच येईना. त्यानं बसूनच भाषण केलं. लोक म्हणाले, इतका मोठा माणूस पण किती साधा.

त्याच दिवशी भारतनंबी भाषण केलं. भारत आमचा वार्डमेंबर. माईक त्याच्या हाती गेला की माईकवाल्यानं जेवून यावं. तो गरजून म्हणाला, "भूत नाई, भानामती नाई, विटाळ नाई, शकून-अपशकून नाई! आपण काई मानत नाई!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामाजीनंबी वाजवल्या.

मंग उन्हाळा सरता सरता मारोती बुढा मेला.

आमच्या गावची एक रीत हाय. माणूस गेला की त्याले आंघोळ घालून, पांढरे कपडे घालून, सोयरे येईस्तोवर त्याले आंगणात बसवून ठेवतात. निजवत नाई. निजलेला त कोणीबी निजते. बसवला म्हणजे सोयऱ्याले त्याच्या तोंडाकडे पाहून जयभीम घालता येते, पायावर डोकं ठेवता येते, अन् शेवटचा फोटो निंगते. हल्ली फोटो पायजेच. अडचण एकच. मेलेलं माणूस बसत नाई. प्लास्टिकच्या खुर्चीतून ते समोर घसरते. मंग मागून दोघं जण दुपट्ट्यानं धरून उभे राहतात अन् फोटोत त्यांचेच हात येतात. एकडाव त खुर्चीचा पाय मोडला अन् मढं सोताच्या जावयावर पडलं. तो जावाई मंग पुण्यानुमोदनालेबी आला नाई.

म्हणून भारत रामाजीच्या दारात आला. मारोती त्याच्या भावकीतला.

"जयभीम काका. मारोतीकाका गेले. तुमची ते कलती खुर्सी पायजे होती. तिच्यात माणूस पडत नाई."

"हो ना," रामाजी म्हणाला.

"अवो," सखूबाई आतून म्हणाली. पण तोवर खुर्ची भारतच्या डोक्यावर होती.

मारोती त्या खुर्चीत असा बसला की काय सांगावं. मागं टेकलेला, दोन्ही हात लाकडाच्या रुंद हातांवर, हनुवटी किंचित वर, जसं कोणाचं गाऱ्हाणं ऐकून राह्यला अन् पटलं नाई. जितेपणी हा माणूस कोणासमोर पाय लांब करून बसला नव्हता. सोयऱ्यांनी आधी जयभीम घातला, उत्तराची वाट पाह्यली, अन् मंग रडले. फोटो गावभर फोनमध्ये गेला, गावाबाहेरबी गेला. आदिलाबादहून कोणीतरी विचारलं म्हणे, हे कोणत्या हाफिसातून रिटायर झाले होते?

खुर्ची परत आली. भारतनं पुसून आणली होती. सखूबाईनं गादीचा कपडा काढून गरम पाण्यात टाकला, लाकूड डेटॉलनं पुसलं, दिवसभर उन्हात ठेवली. संध्याकाळी रामाजी तिच्यात बसला, मागं टेकला, चहा घेतला. काई झालं नाई.

पण दुसरं कोणी बसलं नाई.

कोणी काई मानत होतं असं नाई. आमी मानतच नाई. भारत म्हणाला, "माही कंबर धरली हाय, मले खोल बसता येत नाई." आणखी एक म्हणाला, उंबऱ्यावर हवा चांगली लागते. वृषालीले बसाले वेळच नव्हता, पण इस्त्रीचे कपडे ठेवाले तिले तीच खुर्ची सोयीची वाटू लागली. कपड्यांचा ढीग असला म्हणजे बसाचा प्रश्न येत नाई. हर्षदीप सायन्सचा सार. तो म्हणाला, "अंधश्रद्धेचा विषयच नाई, बाबा. पण आणखी दोन-चार दिवस उन्हात ठेवली त चांगलं. बॅक्टेरिया राह्यतात."

"मी त रोज बसून राह्यलो," रामाजी म्हणाला.

"तुमची गोष्ट वेगळी हाय."

सखूबाईनं बॅक्टेरियाचं नाव घेतलं नाई. ती म्हणाली, "मी मानत नाई. अन् मी बसतबी नाई."

एवढ्यावर भागलं असतं. पण मारोतीचा तो फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये होता. रामाजी खुर्चीत मागं टेकून, हात हातांवर ठेवून, डोळे मिटून बसला की हुबेहूब तोच फोटो दिसे. एक दिवस दूधवाली दारातून आत आली, रामाजीले तसं पाह्यलं अन् किंचाळली. दूध सांडलं. रामाजीनं डोळे उघडले तवा ती आणखी जोरात किंचाळली. गावात ही गोष्ट चहाच्या आधी पोचली. मंग लोक यायचे हळूहळू बंद झाले. आले तरी रामाजीकडे पाह्यत नसत, टीव्हीकडे पाहत. टीव्ही बंद असला तरी.

सखूबाईनं खुर्ची उचलून मागच्या पडवीत, कापसाच्या गंजीजवळ नेऊन ठेवली. संध्याकाळी रामाजीनं ती ओढत हॉलमध्ये आणली. सकाळी ती परत पडवीत. संध्याकाळी परत हॉलमध्ये.  खुर्ची जेवढी हैदराबादहून चालली नसंन तेवढी त्या घरात चालली.

मंग भारत आला. उभ्यानंच बोलला.

"काका, समाजाची एक सोय झाली हाय तुमच्या खुर्सीनं. आता ती इथं ठेवून काय करता? विहाराच्या मागच्या खोलीत ठेवू. गावात कोणी गेलं की तथून काढाची, फोटो झाला की तथी ठेवाची. येत्या रविवारी वंदनेच्या टायमाले मी माईकवर जाहीर करतो. तुमचं नाव घेतो. दानशूर म्हणतो."

रामाजीची मान हालली. ते हाफिसातलं मान हालवणं होतं. समोरचा बोलून राह्यला म्हणजे मान आपली हालत राहे, साहेब काय म्हणंन ते वेगळं. पण इथं आत साहेब नव्हता. भारतनं 'हो' धरलं अन् गेला.

"सुटलो," सखूबाई म्हणाली.

रात्री जेवताना हर्षदीपनंबी समजावलं. "बाबा, देऊन टाका. आपण दुसरी मागवू. अशीच. सेम."

"सेम हाय त मंग हीच काऊन नाई?"

हर्षदीपनं घास चावला. "तसं नाई ते, बाबा."

"कसं हाय मंग?"

"मानसिक असते."

"कोणाचं?"

हर्षदीपनं आणखी एक घास घेतला. सातवी शिकलेल्या माणसाले हे सांगणं कठीण हाय, असं तोंड करून तो जेवला. 

रामाजी त्या दिवसात एकटाच राहे. खुर्चीत बसे. समोरचा दिवाण रिकामा, उंबरा रिकामा. चहा थंड होये. सखूबाईनं एकदा म्हटलं, "रिकाम्या घराले दाखवाले बसता काय?" त्यानं तो थंड चहा पेला. रविवारी खुर्ची गेली की लोक परत येतीन, हे त्याले कळत होतं. पण मंग ते येतीन ते खुर्ची नाई म्हणून येतीन. अन् त्याले वाटे, आपण काई वाईट केलं नसताना आपल्या घरची वस्तू मढ्याच्या खोलीत काऊन जावी? हे त्याले कोणाले तरी सांगाचं होतं. पण सांगाची सवय नव्हती, पोचवाची होती.

शनिवारी सकाळी भारतची माय मेली. राहीबाई. लई बुढी, कुबड आलेली, अंगानं कापसाच्या बोंडाएवढी. गावातल्या अर्ध्या लोकांच्या नाळा तिनं कापल्या होत्या.

भारत रामाजीच्या घरी आला तवा डोळे सुजलेले, मागं दोन भाऊबंद. शेजारपाजारचे लोकबी दाराशी आले. महिन्याचा दुसरा शनिवार, सुट्टी होती त हर्षदीप-वृषाली घरीच. रामाजी खुर्चीत बसला होता. सकाळच्या वक्ती तो कधी बसत नसे. त्या दिवशी बसला होता.

"जयभीम काका."

"जयभीम. बस."

भारत उभाच राह्यला. "माय गेली."

"समजलं. चांगली होती राहीबाई. मी येऊनच राह्यलो." असं म्हणून रामाजी उठला नाई.

"खुर्सी पायजे होती."

"हो ना."

रामाजी बसलाच राह्यला. भारत म्हणाला, "उठा ना मंग, काका."

"तू बस एकडाव हिच्यात. मंग ने."

आधी कोणाले कळलंच नाई रामाजी काय बोलला ते. दाराशी उभे होते त्यांनी एकमेकांकडे पाह्यलं.

"काका, हा वक्त हाय काय मजाक कराचा?"

"मी कोणाची मजाक केली कधी?"

नव्हती केली. हे सगळ्यांले माहीत होतं, अन् त्यानंच पंचाईत झाली.

"देऊन टाका ना वो!" सखूबाई सैपाकघरातून आली. "तथी मेलेलं माणूस वाट पाहून राह्यलं."

"राहीबाईले आता कायची घाई हाय?"

"बाबा!" हर्षदीप म्हणाला.

"तू थांब सार," रामाजी म्हणाला. पोराले त्यानं पहिल्यांदाच सार म्हटलं, अन् आवाज त्याचा हाफिसातला होता, नरम, न चढणारा, साहेब मीटिंगात हायेत असं सांगाचा. "भारत, मारोतीच्या वक्ती तूच नेली. तूच पुसून आणली. तूच म्हणाला, काई होत नाई. मी बसलो, काई झालं नाई. आता तुही माय बसंन हिच्यात. मायले चालते त तुले काऊन नाई चालत?"

"माही कंबर..."

"कंबर त तुयी काल ट्रॅक्टरवर चांगली होती," दारातून कोणीतरी बोललं. कोण ते पाह्याले भारत वळला तवा सगळे खाली पाहत होते.

"नोको तुमची खुर्सी," भारत म्हणाला. "माह्या मायले कोणाची भीक नोको." अन् गेला.

सखूबाई नवऱ्याकडे पाह्यत राह्यली. इतक्या वर्षांत तिनं हा माणूस पाह्यला नव्हता. "तुमाले ताप त नाई ना?" तिनं विचारलं.

"नाई," रामाजी म्हणाला.

तिकडे राहीबाईले प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. ती बसेना. कुबडामुळे पाठ टेकत नव्हती, डोकं पुढं गुडघ्याले लागे. दुपट्टा बांधला त ती दुपट्ट्यावर लोंबे. दोन खुर्च्या एकात एक घातल्या, मागं उशी लावली, उशी खाली अन् बुढी बाजूले. भैंशाहून भारतची बहीण ताराबाई उतरली, आंगणात आली अन् रडाचं सोडून तिनं भावाले धरलं.

"मायले बांधून ठेवलं काय रे? चोरावाणी? मारोतीकाकाले ते खुर्सी भेटली, फोटो पाह्यला मी. ते कोण होते रे असे मोठे? माह्या मायले काऊन नाई भेटली?"

"रामाजीकाका देत नाई."

"रामाजीकाका?" ताराबाई म्हणाली. "रामाजीकाका नाई म्हणत नसतात. तू काय केलं ते सांग."

भारतनं हात सोडवला. तो रामाजीच्या दारी परत आला.

आता दाराशी मघापेक्षा जास्त लोक होते. भारत कोणाकडे न पाह्यता आत आला. रामाजी उठला, खुर्चीचे हात धरून धरून, कुणाचा हात न मागता, अन् बाजूले झाला. भारत खुर्चीसमोर उभा राह्यला. चवदा एप्रिलले माईकवर गरजणारा माणूस, त्यानं आधी हातानं गादी दाबून पाह्यली. तो बसला. टोकावर.

"तसं नाई," रामाजी म्हणाला. "मागं टेक."

भारत मागं टेकला.

काई झालं नाई. खुर्ची थोडी कुरकुरली, तो वजनदार होता.

"चहा घे," रामाजी म्हणाला.

"काका, तथी माय..."

"अर्धा कप."

रामाजी सोता आत गेला, कारण सखूबाई दारात उभी राहून पाह्यत होती अन् हालत नव्हती. तो कप घेऊन आला तवा भारत झोपला होता. मायच्या दुखण्यात त्यानं कित्येक रात्री पाठ टेकली नव्हती. आता टेकली त गेला. तोंड उघडं, हात लाकडाच्या हातांवर, हनुवटी वर. लोकांनी पाह्यलं अन् दोन पावलं मागं सरकले. सखूबाई पुढं आली, वाकली, त्याच्या नाकासमोर बोट धरलं.

"जित्ता हाय," तिनं लोकांले सांगितलं.

कोणी त्याले उठवलं नाई. चहावर साय आली. मंग कुठंतरी कुत्रं भुकलं अन् भारत जागा झाला, इकडे तिकडे पाह्यलं, कुठं हाय ते आठवलं, अन् सायीसकट चहा एका घोटात पेला. उठाले त्यानं रामाजीकडे हात केला. रामाजीनं ओढलं. भारतनं खुर्ची डोक्यावर घेतली अन् चालू लागला. मागं रामाजी, मागं सगळे.

राहीबाई खुर्चीत बसली. कुबड त्या कलत्या पाठीच्या गादीत बरोबर रुतलं अन् मान वर आली. कित्येक वर्षांपासून ती जमिनीकडे पाह्यत चाले. गावानं तिचं पुरं तोंड आता पाह्यलं. ताराबाई म्हणाली, "माह्या मायचे डोळे मोठे होते, नाई?" डोळे मिटलेले होते, पण कोणी दुरुस्त केलं नाई. फोटो निंगला. कोणाचे हात त्यात आले नाई.

रविवारी माईक भारतच्या हाती नव्हता, घरात दुखवटा होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मात्र आला. तो म्हणाला, "बंधूंनो, खुर्सी रामाजीकाकाच्या हॉलमध्येच राहीन. पण आपण एक नियम करू. जो कोणी नेईन, त्यानं आधी तिच्यात बसून चहा प्यावा. आपण काई मानत नाई, हे नुसतं बोलून चालत नाई, बंधूंनो!" जसं काई त्याच्याच डोक्यातून निंगालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामाजीनंबी वाजवल्या. हर्षदीपनं घरी येऊन खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलले अन् आलमारीत ठेवले.

मंग एक वेगळंच झालं. ज्यांच्या घरी बुढे-बुढ्या होते ते लोक आधीच येऊन बसून जाऊ लागले. ऐन टायमाले धांदल नोको. एक जण त बायकोले घेऊन आला, दोघं आळीपाळीनं बसले, चहा पेले, अन् जाता जाता म्हणाले, "आमची बुढी तशी ठणठणीत हाय. पण आपलं काम झालेलं बरं." एकडाव बसला की माणूस परत येते. खुर्ची हायच तशी. आठवड्याभरात दिवाण भरला, उंबरा भरला, चहाचं आंधण मोठ्या गंजात चढू लागलं.

अन् भारत रोज येऊ लागला. सगळ्यांच्या आधी. आला की सरळ खुर्चीत, मागं टेकून. कंबरेचं त्यानं नाव काढलं नाई. बोलाले लागला की चहा येऊन जाये, लोक येऊन जात, अंधार पडे, भारत तथीच. रामाजी दिवाणाच्या कोपऱ्यावर टेकून बसे, नाई त कप घेऊन दाराशी उभा राहे. घर भरलेलं होतं. खुर्ची घरात होती. म्हाताऱ्याले पायजे ते सगळं होतं, फक्त त्याच्यात तो नव्हता.

एक दिवस भारत जिनिंगवाल्याचं सांगत होता. सखूबाईनं चहा आणला. रामाजीनं आपला कप घेतला अन् खुर्चीसमोर जाऊन उभा राह्यला.

"भारत," तो म्हणाला, "ऊठ."

भारत बोलता बोलता थांबला. "मी, काका?"

"तूच. माह्या बसाचा वक्त हाय हा."

लोकांनी बशीतला चहा बशीतच ठेवला. भारतनं एकदा सखूबाईकडे पाह्यलं. सखूबाई खाली वाकली, दाराआडची प्लास्टिकची खुर्ची पायानं सरकवत त्याच्याजवळ आणली अन् आत निंगून गेली.

भारत उठला. रामाजी बसला, मागं टेकला, पाय लांब केले अन् चहाचा एक घोट घेतला.

"हं," तो म्हणाला. "काय म्हणत होता जिनिंगवाला?"